खुर्चीत बसायचीच हिंमत होत नाही, सेडेशन (गुंगीचं औषध) घेऊन दाढेचं काम केलंय का कुणी?

घाबरट_नाशिककर

नमस्कार मंडळी. वय ४१, दोन पोरांचा बाप, आणि दाताच्या डॉक्टरच्या जिन्यावरून आत्तापर्यंत तीन वेळा परत आलोय. हसायचं तर हसून घ्या पण आधी पूर्ण वाचा.

खालची उजवीकडची दाढ, मागून दुसरी, दिवाळीत चकली चावताना तिचा टवका उडाला. तेव्हा दुखत नव्हती म्हणून तशीच सोडली, जीभ लावून लावून तिथली धार आपोआप गुळगुळीत झाली की झालं, असं मनाशी ठरवलं. आता तीन आठवडे झाले रात्री ठणकतेय, गार पाण्याचं तर सोडाच, आडवं झालं की कानापर्यंत ठोके पडतात, त्यामुळे रात्र अर्धी सोफ्यावर बसून. लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या, पेरूच्या पानांचा काढा, मेडिकलवाल्याच्या गोळ्या, सगळं करून झालं. मोठा एक्सरे तेवढा काढलाय कारण तो उभ्याउभ्या काढतात आणि तोंडात कुणी काही घालत नाही. त्यात निघालं की या दाढेचं रूट कॅनल आणि तिच्या मागची अक्कलदाढ आडवी पडलीय ती काढायची.

भीती कुठून आली तेही सांगतो. चौथीत असताना गावात एकांनी दाढ काढली होती, भूल चढायच्या आतच ओढली, दोघांनी खांदे धरले होते आणि वडील बाहेर पेपर वाचत बसले होते. त्याला तीस वर्षं झाली. तरी अजून दवाखान्याचं दार उघडलं की तो जो लवंगेसारखा वास येतो (सगळीकडे तोच कसा काय असतो?) त्याने तळहाताला घाम फुटतो. मागच्या महिन्यात धाकटीच्या दातात सिमेंट भरलं, वय वर्षं ७, ती आत निवांत आणि मी बाहेर बाकड्यावर डोकं गुडघ्यात घालून. बाहेर आली आणि मलाच म्हणते, बाबा झालं, उघडा आता डोळे.

मेहुणा म्हणतो आजकाल झोपवून करतात, कळतसुद्धा नाही. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले आमच्याकडे सोय नाही आणि तशी गरजही नाही. आता मला सांगा गॅस, गोळी, सलाईनमधून आणि पूर्ण बेशुद्ध यात नेमका फरक काय, कुणी घेतलंय का, धोका किती, आणि मुळात सुईचीच भीती असलेल्या माणसाला सलाईनची सुई लावणार कशी? बीपीची एक गोळी चालू आहे. शुद्ध शाकाहारी. दाढी आहे. घोरतो (हे बायकोचं म्हणणं).

गावरान_गडी

भाऊ पाच मिनिटांच्या कामाला एवढा मोठा निबंध? आमच्या आज्याने पक्कड लावून काढली होती दाढ, संध्याकाळी भाकरी खाल्ली. एवढीच भीती असेल तर सासूबाईंकडे झोपेची गोळी असेलच, अर्धी टाका आणि जाऊन बसा. हाकानाका.

सुमेधा_ठाणे

गावरान, तुमच्या आजोबांचा नंबर द्या, त्यांच्याकडूनच ऐकू. आणि दुसऱ्याची झोपेची गोळी घ्यायला सांगू नका हो कुणाला, चेष्टा नाहीये ती.

नाशिककर, मी घेतलंय, सलाईनमधून. दोन्ही खालच्या अक्कलदाढा एकाच वेळी काढल्या, गेल्या वर्षी मे मध्ये. मला सुईची नाही, त्या ड्रिलच्या आवाजाची भीती, घूंऽऽ सुरू झालं की मी खुर्चीतून अर्धी उठतेच, डॉक्टर बिचारे हात वर करून थांबायचे. सकाळी उपाशीपोटी बोलावलं होतं. भूलवाले डॉक्टर वेगळे आले होते, त्यांनी आधी बोटाला ते क्लिपसारखं लावलं, दंडाला बीपीचा पट्टा, नाकात ऑक्सिजनची बारीक नळी. मग मनगटाच्या मागे सुई, एक टोचणी, खोटं नाही बोलणार, ती कळते. त्यानंतर मला आठवतंय ते एवढंच की छतावरच्या टाईल्स मोजत होते आणि सातवी की आठवी टाईल जरा मऊ वाटायला लागली.

पुढचं आठवतं ते थेट रिक्षातलं. मधला सव्वा तास कोरा. पण गंमत अशी की मी झोपले नव्हते म्हणे! तोंड उघडा म्हटलं की उघडत होते, मान वळवा म्हटलं की वळवत होते, मध्ये म्हणे मी डॉक्टरांना विचारलं की तुमच्याकडे कैऱ्या किलोने मिळतात का. नवरा आजपण घरी कैरी आणली की तेच विचारतो. घरी येऊन सहापर्यंत झोपले आणि जाऊबाईंना फोनवर एकच गोष्ट तीनदा सांगितली. सूज, ताक-भात, बर्फ हे सगळं इतरांसारखंच झालं, त्यात सेडेशनने काही सूट मिळत नाही. पण ‘काढली’ ही आठवणच डोक्यात नाही, त्यामुळे नंतर टाके काढायला गेले तेव्हा पहिल्यांदा पाय थरथरले नाहीत.

दातवाला_कराड

मी दंतवैद्य आहे, कराडला प्रॅक्टिस. इथे कुणाला औषध लिहून देत नाहीये, माहिती म्हणून वाचा.

दादा, जिन्यावरून परत जाणारे तुम्ही एकटे नाही. आमच्याकडे रिसेप्शनवर बसणारी मुलगी चपलांच्या आवाजावरून सांगते की हा वर येणार का मधूनच वळणार.

पण मेहुण्यांनी जे सांगितलं त्यात एक मोठी गोची आहे आणि ती बहुतेकांची होते. सेडेशनने दुखणं बंद होत नाही. दुखणं बंद करते ती हिरडीतली सुईच, लिग्नोकेन, आणि ती गॅस घेतलात तरी देतात, सलाईनमधून घेतलंत तरी देतात. सेडेशन भीतीवर काम करतं. म्हणजे सुई टोचतेय, ड्रिल चालू आहे हे कळतं पण त्याचं काही वाटत नाही, शेजारच्या घरात भांडण चाललंय आणि आपण चहा पितोय तसं. म्हणून आधी स्वतःला विचारा की तुम्ही नक्की कशाला घाबरता. दुखेल म्हणून, सुईला, आवाजाला, तोंडात पाणी साठून जीव घाबरा होतो त्याला, का ‘कुणीतरी धरून ठेवलंय आणि मी थांबा म्हणू शकत नाही’ याला? तुमचं लिहिलेलं वाचून मला तरी शेवटचं वाटतंय. त्याला कधीकधी औषधापेक्षा डावा हात जास्त उपयोगी पडतो, हात वर केला की मी तोंडातून सगळं बाहेर काढून थांबणार, हे आधी ठरवायचं आणि पहिल्या पाच मिनिटांत दोनदा उगाचच हात वर करून डॉक्टर खरंच थांबतो का ते बघायचं. जो थांबत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

चौथीत भूल चढली नाही त्याचं कारण बहुतेक घाई नाहीतर सूज. खालच्या दाढेला आम्ही जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात नसेजवळ औषध सोडतो, ते चढायला तीन ते पाच मिनिटं, कधी दहा. अर्धा ओठ आणि जिभेची कड जड झाल्याशिवाय हातच लावायचा नसतो. दुसरं म्हणजे जिथे आग झालेली असते तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि औषध नसेत नीट शिरत नाही, म्हणून ठणकत्या दाढेला एकाच्या जागी दोन तीन ठिकाणी द्यावं लागतं. तुम्ही जितके दिवस लवंगेवर काढाल तितकी ती दाढ भुलीला कमी दाद देईल. अँटिबायोटिकने आतल्या नसेची आग कमी होत नाही हेही सांगून ठेवतो, कारण मेडिकलवाल्याने तेच दिलं असणार.

सुई दुखते ती सुईमुळे कमी आणि जोरात दाबल्यामुळे जास्त. आधी गालात कापसावर जेल लावून दोन मिनिटं थांबायचं, हिरडी कोरडी करून, मग औषध अगदी सावकाश, मिनिटाला जेमतेम एक मिली. आणि लिग्नोकेनमध्ये अॅड्रेनालिन असतं, आपल्याकडे सहसा १ ला ८०,००० या प्रमाणात, त्याने मिनिटभर छाती धडधडते. लोकांना वाटतं रिअॅक्शन आली. दोन मिनिटांत उतरते ती. पण भित्र्या माणसाला आधी सांगितलं नाही तर तो तिथूनच उठून पळतो.

आता गॅस. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन, नाकावर छोटा मास्क, सुई नाही. हळूहळू वाढवत नेतात, बहुतेकांचं ३० ते ५० टक्क्यांत भागतं, आणि दाताच्या कामाची मशीन अशी असते की ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही. तीन चार मिनिटांत बोटांची टोकं झिणझिणतात, पाय जड होतात, खोलीतले आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की उतरतं. पण नाकानेच श्वास घ्यावा लागतो, म्हणून सर्दी असेल, नाक चोंदत असेल, मास्कने गुदमरल्यासारखं होत असेल तर उपयोग नाही. गरोदरपणाचे पहिले तीन महिने नाही. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन आत गॅसचा बुडबुडा सोडलेला असेल तर अजिबात नाही, दृष्टी जाऊ शकते.

आणि तुमच्यासाठी खास, शुद्ध शाकाहारी म्हणालात. नायट्रस शरीरातलं बी१२ निकामी करतं. ज्याचं व्यवस्थित आहे त्याला एका वेळेने काही होत नाही, पण ज्याचं आधीच तळाला गेलंय त्याला नसांचा त्रास होऊ शकतो. हातपाय मुंग्या येणं, विसरायला होणं असं काही असेल तर आधी रक्त तपासा. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ कमी असणं किती कॉमन आहे ते तुम्हाला माहीतच असेल.

गोळी हा सगळ्यात सोपा दिसणारा प्रकार. आदल्या रात्री एक आणि कामाच्या तासभर आधी एक, असं काही जण देतात. अडचण अशी की पोटात गेलेली गोळी कमी पडली तर लगेच वाढवता येत नाही आणि जास्त झाली तर परत काढता येत नाही. गॅस आणि सलाईनमध्ये थांबत थांबत हवं तेवढंच देता येतं.

त्या वासाचं उत्तर राहिलंच, तो लवंगेचाच आहे हो. युजेनॉल, लवंगेच्या तेलातलं, तात्पुरत्या सिमेंटमध्ये घालतात. तुम्ही घरी तीन आठवडे तोच वास दाढेला लावून बसलाय.

भूलवाली

कराडच्या डॉक्टरांनी दातांचं सांगितलं, मी माझ्या बाजूचं सांगते. भूलतज्ज्ञ आहे, सोळा वर्षं, त्यातली बरीचशी दातांच्या क्लिनिकमध्ये किट घेऊन फिरण्यात गेली.

आधी गावरानसाठी. अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलाम ही सगळी गुंगी आणणारी औषधं शेड्यूल एच१ या सरकारी यादीत आहेत, २०१४ पासून दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते, ते उगाच नाही. सासूबाईंची गोळी सासूबाईंच्या वजनाला, वयाला, सवयीला दिलेली असते. घोरणारा माणूस घरून अर्धी गोळी घेऊन, डॉक्टरला न सांगता, वर कदाचित आदल्या रात्री थोडी दारू घेतलेली, असा खुर्चीत आडवा पडला आणि डॉक्टरांनी आणखी काही दिलं तर श्वास मंदावतो. डॉक्टरला कळतच नाही कशाने. त्यामुळे प्लीज.

आता नाशिककर. लोक ‘झोपवणं’ या एका शब्दात चार गोष्टी कोंबतात. पहिली पायरी, नुसतं निवांत, गप्पा मारताय, गॅसवर बहुतेक लोक इथे असतात. दुसरी, डोळे मिटलेले पण हाक मारली, खांद्यावर टॅप केलं की उत्तर देताय, सुमेधाताई तिथे होत्या, कैऱ्या विचारत होत्या. तिसरी, हाकेला उत्तर नाही, जरा जोरात चिमटा काढला तर हालचाल, इथे श्वास अडकू शकतो. चौथी पूर्ण बेशुद्ध, श्वासनळीत ट्यूब, ऑपरेशन थिएटर. दाताच्या खुर्चीत आम्हाला तुम्ही पहिल्या दोन पायऱ्यांवरच हवे असता, कारण तोंडात पाणी चालू आहे, रक्त आहे, कापूस आहे, आणि तुमचा ठसका शाबूत पाहिजे. अडचण ही की पायऱ्यांना कठडा नसतो, दुसरीवरचा माणूस एक मिली जास्त गेलं की तिसरीवर घसरतो. म्हणून विचारायचा मुख्य प्रश्न एकच, जो दात काढतोय तोच भूल पण बघणार आहे का? सलाईनमधून देणार असाल तर माझ्या मते वेगळा माणूस हवा ज्याचं लक्ष फक्त श्वासावर आहे. बोटाचा ऑक्सिमीटर, बीपी, ऑक्सिजन सिलिंडर, सक्शन (तोंडातलं पाणी-रक्त ओढणारी नळी), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हे डोळ्यांनी बघा. मिडाझोलामचा उतारा फ्लुमाझेनिल आहे का तेही विचारा, चांगला डॉक्टर चिडत नाही. चिडला तर दुसरा शोधा.

सुमेधाताईंना आठवत नाही ते मिडाझोलाममुळे, ते दिल्यानंतरचं नोंदलंच जात नाही. काही ठिकाणी प्रोपोफॉल वापरतात, दुधासारखं पांढरं दिसतं, शिरेत जाताना हात जळजळतो आणि झटकन चढतं, झटकन उतरतं. पण ते तिसऱ्या पायरीवर सहज नेतं, त्यामुळे भूलतज्ज्ञाशिवाय नाही म्हणजे नाही.

सलाईनच्या सुईचं विचारलंत ना, हाताच्या मागे बधिर करणारं क्रीम लावून वर प्लास्टिक चिकटवायचं आणि तासभर बसायचं. तासभर खरंच बसायचं, वीस मिनिटांत काढून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. लहान पोरांसाठीचं आहे ते, पण मी तुमच्याहून मोठ्या मिशावाल्यांना लावलंय.

उपाशी राहण्यावरून खूप घोळ होतो. नुसती हिरडीची सुई असेल तर पोटभर नाश्ता करून जा, उपाशी गेलात तर भीतीने आणि साखर उतरून चक्कर येईल. सलाईनमधून असेल तर जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. चहा दुधाचा असतो, तो ‘पाणी’ नाही, हे रोज कुणाला ना कुणाला समजावते. बीपीची गोळी बहुतेकांना घोटभर पाण्याबरोबर सकाळी घ्यायला सांगतो, काही प्रकार त्या दिवशी थांबवतो, तेव्हा पाकीट घेऊन जा. बरोबर एक मोठं माणूस हवंच. २४ तास गाडी नाही, दारू नाही, सही-शिक्के नाहीत. एकांनी माझ्या पेशंटकडून त्याच संध्याकाळी फ्लॅटच्या कागदावर सही घेतली होती, त्यावरून नंतर भावाभावात किती झालं ते विचारू नका.

आणि घोरण्याचं सिरियसली घ्या. नुसतं घोरता, का मध्येच आवाज बंद होऊन मग दचकून मोठा श्वास घेता? दिवसा झोप येते का? हे बायकोला विचारा, तुमचं मत इथे धरत नाही. श्वास अडकत असेल तर क्लिनिकमध्ये सलाईनवालं नको, हॉस्पिटलमध्ये करा.

लेस्टरची_वहिनी

इकडे यूकेत आधी एक फॉर्म भरून घेतात, पाच प्रश्न. उद्या अपॉइंटमेंट आहे तर कसं वाटतं, वेटिंग रूममध्ये कसं वाटतं, ड्रिल, दात साफ करणं, सुई. प्रत्येकाला १ ते ५ मार्क, बेरीज १९ किंवा वर गेली की तुम्ही खूप घाबरणाऱ्यांत. नवऱ्याचे २१ आले होते तेव्हा तो म्हणे, आयुष्यात पहिल्यांदा इतके मार्क पडले. त्याने गॅस घेतला. माझ्या डिलिव्हरीत मला मिळाला तोच, फक्त तिथे तोंडाने ओढायचा आणि निम्मा निम्मा, इथे नाकाने आणि डॉक्टर कमीजास्त करतात. तो हसत वगैरे नव्हता, फक्त खुर्चीचा हात सोडला त्याने, मला बाहेरून काचेतून तेवढं दिसलं.

पूर्ण बेशुद्ध करणं मात्र इथे २००१ संपल्यापासून दाताच्या क्लिनिकमध्ये बंदच आहे, हॉस्पिटलमध्येच होतं. आधी क्लिनिकमध्ये सर्रास चालायचं आणि माणसं, पोरं दगावली होती त्यात.

बाय द वे, हा गॅस दुखणं थांबवण्यासाठी पहिल्यांदा वापरला तो दाताच्याच डॉक्टरने. होरेस वेल्स, अमेरिकेत हार्टफर्डचा. डिसेंबर १८४४ मध्ये लाफिंग गॅसचा खेळ बघायला गेला होता, तिथे गॅस घेतलेल्या एकाच्या पायाला लागलं, रक्त आलं तरी त्याला पत्ता नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्सने स्वतः गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये सगळ्यांसमोर करून दाखवायला गेला तर पेशंट ओरडला आणि लोकांनी हुर्यो उडवली. बिचारा. तर नाशिककर, ज्याने शोधलं त्याची आधी स्वतःचीच दाढ होती.

आई_रत्नागिरी

मध्येच घुसते, सॉरी. मुलगा साडेचार वर्षांचा, आठ दात किडलेत, तोंडच उघडत नाही. एकांनी गॅस सांगितला, एकांनी पूर्ण भूल. पूर्ण भूल ऐकून सासूबाई घाबरल्यात. काय करू?

दातवाला_कराड

ताई, गॅसला पोराने नाकावर मास्क ठेवून घ्यायला हवा आणि आपण सांगतो ते ऐकायला हवं. जो तोंडच उघडत नाही तो मास्क पण ठेवणार नाही. मिडाझोलामचं सिरप मिळतं, पण त्याने काही पोरं निवांत होण्याऐवजी उलट जास्त चिडतात, तेही होतं. आठ दात म्हणजे चार-पाच बैठका, प्रत्येक वेळी रडारड, आणि मग तो चाळिशीत नाशिककर होणार (सॉरी दादा). अशा वेळी हॉस्पिटलमध्ये एकदाच पूर्ण भूल देऊन सगळे दात एका बैठकीत करणं बऱ्याचदा बरं पडतं. लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर वेगळे असतात, त्यांना दाखवा. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी दंत महाविद्यालयं बघा, मुंबईत सीएसएमटीजवळचं, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर, तुम्हाला गोवा जवळ पडत असेल तर बांबोळीचं. ओपीडीत केसपेपर काढून मुलांच्या विभागात विचारा. वेळ लागतो, नंबर लागतो, पण विचारा. आणि रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपतो का तो? ते आजपासून बंद.

घाबरट_नाशिककर

सगळ्यांचे आभार, गावरान तुमचेही. फॉर्मवाले पाच प्रश्न स्वतःला विचारले, २३ आले. दात साफ करण्याला तेवढे कमी दिले.

बायकोला विचारलं. ती म्हणाली श्वास अडकत नाही, नुसता ट्रॅक्टर. वर म्हणाली हे अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलंस.

पायाला मुंग्या मला कधीपासूनच येतात, मी म्हणायचो मांडी घालून बसल्यामुळे. बी१२ तपासलं तर रिपोर्टमध्ये कमीत कमी १९७ हवं तिथे माझं १२४. फॅमिली डॉक्टर म्हणाले आधी एक दिवसाआड इंजेक्शन, मग आठवड्याला. म्हणजे बघा, सुई नको म्हणून गॅस शोधत इथे आलो आणि गॅसच्या नादात सात सुया घेतल्या. पहिल्या दोन वेळा बायको हात धरायला आली, नंतर म्हणाली रिक्षाला पैसे घाल आणि जा तू.

दाढेचं मात्र थांबता येईना. कराडच्या डॉक्टरांनी लिहिलेलं तसंच्या तसं, हात वर केला की थांबायचं वगैरे, एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना जाऊन म्हणून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या आज फक्त खुर्चीत बसा, मी आरशाने बघते, काही करत नाही. बसलो, खरंच काही केलं नाही, फी पण घेतली नाही. परवा परत गेलो, नाश्ता करून. धाकटीला शाळेला सुट्टी होती, ती बरोबर. जेल लावलं, थांबलो, सुई दिली, धडधडलं, मला माहीत होतं धडधडणार म्हणून मी घड्याळ बघत बसलो, पावणेदोन मिनिटं. चार वेळा हात वर केला, त्यातला एक उगाच. चारही वेळा थांबल्या. एकदा कळ आली तेव्हा त्यांनी आणखी औषध दिलं, पाच मिनिटं मोबाईल बघायला दिला. सगळं गालात घालून मला विचारतात ओठ जड झाला का, आणि मी काही बोलायच्या आत पोरगी म्हणते हो झाला, बाबांची लाळ गळतेय.

दाढ उघडून आतली घाण काढून तात्पुरतं सिमेंट भरलंय. तोच वास, पण आता नाव माहीत आहे. काल रात्री बेडवर झोपलो.

अक्कलदाढ मात्र आडवी आहे, हाड कापावं लागेल म्हणाल्या, ती मी हात वर करून नाही काढू शकत. ती सलाईनमधून, त्यांच्याकडे बाहेरून भूलतज्ज्ञ येतात. वेगळा माणूस, मॉनिटर, उताऱ्याचं औषध सगळं विचारलं, चिडल्या नाहीत. क्रीमचं पण विचारलं. पुढच्या शनिवारी सकाळी नऊ.

एक शंका राहिली, भूलवाली ताई, दाढी पूर्ण काढावी लागते का? अकरा वर्षांपासून आहे, धाकटीने मला बिनदाढीचं बघितलेलंच नाही.

भूलवाली

गरज पडलीच तर मास्क नीट बसावा म्हणून विचारतो आम्ही. बारीक करा, पुरे. भादरून येऊ नका, ती घाबरेल.